दुसऱ्याचा नंबर

मी तुरुंगातला सदरा बोलतोय. सदरा होतो, असं म्हणा. आता मी फरशी पुसायचं फडकं आहे. मला डोकं नाही, तरी ते तापलंय, म्हणून ऐका.

मला शिवलं जन्मठेप भोगणाऱ्या शिंपीमास्तराने. कापड जाड, अंगाला टोचणारं. खिसा नाही. खिसा असला की माणसाला त्यात काहीतरी ठेवावंसं वाटतं, आणि ते इथे चालत नाही. छातीवर मात्र नंबराची पट्टी, लांबून दिसेल अशी ठसठशीत.

माझा पहिला मालक एक आडदांड ट्रकवाला, नंबर तीनशे एकोणीस. तो सुटला आणि मी कोठारात परत आलो. जुनी पट्टी उसवून नव्या माणसाची शिवायची, असा नियम आहे. कोठारवाल्याने तेवढंही केलं नाही. मला तसंच तुरुंगाच्या बागेत माळीकाम करणाऱ्या एका काटकुळ्या कैद्याच्या अंगावर फेकलं.

"साहेब, माझा नंबर पाचशे चार आहे," माळी म्हणाला.

"अंग झाकतंय ना? मग घाल गुमान."

माळी शिंपीमास्तराकडे गेला. मास्तर हळहळला. "दादा, कोठाराच्या चिठ्ठीशिवाय एक टाका जरी उसवला, तरी माझी शिक्षेतली सूट जाईल रे."

मग माळी सगळ्यांसाठी तीनशे एकोणीस झाला. एकदा पाचशे चारला हाक आली म्हणून तो उठला, तर शिपायाने कानाखाली वाजवली. "छातीवर काय लिहिलंय, वाचता येत नाही?" तो हात माझ्या कॉलरला घासून गेला. आजही आठवला की माझे धागे पेटतात.

भेटीच्या दिवशी बहीण जाळीपलीकडून म्हणाली, "दादा, तुझ्या सुटकेचा अर्ज केलाय. आई अंथरुणावर तुझ्या वाटेकडे डोळे लावून पडलीय. लवकर ये."

हुकूम आला. पाचशे चारला सोडा. शिपाई कागद घेऊन बागेत आला आणि एकेकाची छाती बघत फिरला.

"पाचशे चार कोण?"

"मीच, साहेब," माळी उठून म्हणाला.

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा सुरू झालं याचं. बस खाली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कागदावर त्याने पुटपुटत लिहिलं, 'सापडला नाही, दवाखान्यात असावा.' बहीण दोनदा दारात आली. दोन्ही वेळा तिला तेच सांगून वाटेला लावलं. एकोणीस दिवस तो कागद कचेरीतल्या टेबलाच्या खणात पडून होता.

तिसऱ्यांदा ती आली ती थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत घुसली. "आता सोडा नाहीतर ठेवा," ती म्हणाली. "आई परवा गेली."

माळी अर्ध्या तासात सापडला. साहेबांनी त्याला नाव विचारलं, एवढंच लागलं. त्याने मला अंगातून काढलं, नीट घडी घालून ठेवलं आणि बहिणीमागून चालू लागला. मला वाटलं, त्याने ओरडावं.

चौकशी झाली. शिपायाने हात झटकले, कोठारवाल्याने कानांवर हात ठेवले. अहवाल वाचून दाखवला: 'सदऱ्यावरील नंबर चुकीचा.' चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फाडून दोन फडकी केली. त्याच कचेरीत, त्याच टेबलाखालची फरशी मी रोज पुसतो. पट्टी अजून माझ्यावरच आहे. ती आजही कोणी उसवली नाही.

मी कापड आहे, मला वाचता येत नव्हतं. तुम्हाला येत होतं. बाकी काही मागत नाही. फक्त नजर छातीवर थांबली की ती एक वीत वर न्या. तिथे माणसाचा चेहरा असतो.