पायाला कळणारा काठ

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका इमारतीच्या तळघरात पंप उघडून बसलो होतो. मी प्लंबर आहे. खाली फोनला रेंज नव्हती. वर आलो तर तिच्या ऑफिसातून अकरा मिस्ड कॉल. दुपारी साडेबाराला, खुर्चीत बसल्या बसल्याच हृदय बंद पडलं होतं. दवाखान्यात सह्या करून घरी आलो. घरी सासूबाई होत्या. सहा वर्षं त्या आमच्याकडेच आहेत. त्यांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो, बाकी दिसत नाही. मी त्यांना आईच म्हणतो.

"जावई, या वेळी तुम्ही घरी कसे?"

मी त्यांच्या पलंगावर बसलो. त्यांनी माझा हात चाचपला. मग सांगावं लागलं नाही.

पुढे आठवडाभर घरात माणसंच माणसं. खुर्च्या ओढल्या जात होत्या, सगळी ये-जा गालिच्यावरून. हा गालिचा आईंच्या पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत जातो. बायकोने त्याच्या काठाला जाड दोरी शिवली होती. आई अनवाणी चालतात, उजवा पाय त्या दोरीवर ठेवत. दोरी सोडली नाही की बरोबर दाराशी पोचतात. कुणाला हाक मारायला नको. गर्दीत त्याच दोरीचे टाके उसवले, ती सुटून लोळायला लागली आणि एके दिवशी आईंचा अंगठा त्यात अडकला. मेहुणा शेजारीच उभा होता, त्याने धरलं म्हणून वाचल्या.

"भाऊजी, राग मानू नका," तो म्हणाला. "तुम्ही दिवसभर बाहेर. इथे आईचं कोण बघणार? रविवारी येतो आणि घेऊन जातो."

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या घरी माणसं आहेत. माझ्या घरी आम्ही दोघंच उरलो होतो. आई त्याच्याकडे गेल्या असत्या तर बायकोबद्दल बोलायला मला कोणी राहिलं नसतं. हे मला त्याच्यापुढे बोलता आलं नाही. एवढंच म्हणालो, "मी काठ नीट करतो. रविवारी बघ, मग ठरव."

शनिवारी काम घेतलं नाही. पाइप जोडायचं सोल्युशन काढलं. जन्मभर तेच वापरत आलोय. सुटलेली दोरी ओढून काढली, काठ फरशीला दाबून चिकटवला, वर वजनाला नळाचे सगळे पाने ठेवले. तासाभराने काठ पाटीसारखा टणक झाला.

"चला आई, आता अडकायचं नाही."

त्या चार पावलं चालल्या आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. पाय इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

"काठ कुठे गेला?"

"आहे ना. चिकटवलाय. दोरी काढून टाकली, तीच अडकत होती."

"मग मी कशावरून जाऊ? वासावरून?"

ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. मग मला माझीच लाज वाटली. आईंनी तिच्या शिवणाच्या डब्यातून दाभण आणायला सांगितली.

चिकटवलेलं खरवडून काढायला पटाशी घेऊन बसलो, दुपार झाली. आई शेजारी फरशीवर बसल्या.

"दोरी काठाशी धरा. दाभण खालून वर. आता दोऱ्याच्या फासातून काढा. अहो, इतकं आवळू नका, नळ बसवत नाही आहात."

"तिला किती दिवसांत जमलं होतं?"

"एका दुपारीत. नऊ वर्षांची होती. तुम्ही छप्पन्नचे, तुम्हाला वेळ लागणार."

प्रत्येक टाका त्या बोटाने तपासत होत्या. तीनदा उसवायला लावलं.

बाथरूमच्या दाराशी हातभर दोरी अजून तिच्याच टाक्यांवर टिकून होती. सकाळी तेवढीच मी काढली नव्हती. दोरा विरला होता, निम्मे टाके तुटलेले. मी तो भाग सोडून पुढे दाभण घातली. आईंचं बोट मागून सरकत आलं आणि थांबलं.

"हे तिचं."

"हो."

"सैल झालंय."

"राहू दे ना, आई."

त्या बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या. "मी इथेच पडले तर तुम्ही स्वतःला माफ कराल का? उसवा."

मला कात्री चालवता येईना. शेवटी त्यांनीच ती मागून घेतली. मी कात्रीचं टोक दोऱ्याखाली धरलं, त्यांनी एकेक टाका कापला. तिथले माझे टाके सगळ्यांत वाकडे आले. "चालतील," आई म्हणाल्या.

रविवारी मेहुणा रिकामी बॅग घेऊन आला. आई उठल्या, दोरीवरून गेल्या, आतून कडी लावली, परत आल्या.

"पुन्हा एकदा जा," तो म्हणाला.

"मला नाचवतोस का रे?" असं म्हणून त्या पुन्हा गेल्या.

त्याने खाली बसून दोरी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही.

"हे शिवलं कुणी?"

"प्लंबरने," आई म्हणाल्या.

तो हसला. जाताना म्हणाला, "महिनाभर बघू, भाऊजी. पण मला रोज फोन करायचा."

बॅग तो रिकामीच घेऊन गेला. गालिच्याची खिडकीकडची बाजूही उसवली आहे. ती अजून शिवायची राहिली आहे.