आखणीआधीचे गणपती

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या गणपतीच्या खांद्यामागे, भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्याला लाल वायरीचं वेटोळं अडकवलेलं होतं. हवालदार नूतनने मोबाइलवर दोन बोटं फाकवून तो खिळा मोठा केला, आणि कुणी बघत नाही ना असं पाहून लगेच लहान केला. जोह्यात गणपतीचे कारखाने शेकडो, खिळे तर विचारूच नका… पण ती वायर केरूची होती, तिच्या धाकट्या भावाची, दिवा ओढून आतल्या खोलीत न्यायला ठेवलेली. म्हणजे फोटो आमच्याच कारखान्यातला. रोह्याच्या या पोलीस ठाण्यात तिच्याशिवाय एकाही सहकाऱ्याला हे माहीत नव्हतं.

फोटोत रंग न लागलेल्या पांढऱ्या गणपतींची रांग होती, एकालाही डोळे नाहीत. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : ‘तक्रार समिती आमच्याकडे कधी बघणार?’ कॉलेजच्या समितीची वर्षभरात एकही बैठक नाही, मुलींचे अर्ज तसेच पडून, म्हणून विद्यार्थी संघटनेच्या मनस्वीने हे पोस्टर गेटवर लावलं. दुसऱ्या संघटनेच्या धनेशने ठाण्यात अर्ज दिला – देवाला आंधळा म्हटलं, भावना दुखावल्या. त्याचा जबाब सकाळीच झाला, बाहेर वीस पोरं उभी करून. आणि आता मनस्वी समोर बसली होती, एकटी, मांडीवर सॅक घेऊन, जणू बस यायचीच आहे.

“ताई, ते देव नाय अजून,” ती म्हणाली. “माल हाय. आखणी झाली की मग देव. सुटीत मी तिथंच रंगाच्या कामाला असते, मला ठाऊक हाय. मी समितीला बोलले, देवाला कशाला बोलू?”

वेडी पोर! खरं बोलत होती, आणि ते नूतनइतकं ठाण्यात कुणाला कळणार? डोळे आखेपर्यंत मालच तो. लहानपणी ती गणपतीच्या मांडीत बसून शेंगा खायची, त्याच्या हातावर दप्तर अडकवायची, आणि आई ओरडायची ती मूर्तीचा हात मोडेल म्हणून – देव बाटेल म्हणून नव्हे. मग बाबा आखणीला बसायचे. श्वास रोखून एक डोळा, मग दुसरा… आणि दुसरा पुरा झाला की घरातले सगळे आपोआप हळू बोलायला लागायचे, पाय आखडून घ्यायचे. पण हे आमचं आमच्यात. गिऱ्हाइकासमोर कच्च्या मूर्तीलाही बाप्पाच म्हणायचं असतं, आणि ही शहाणी तोच कच्चा माल गेटवर टांगून आली.

“कोणाचा कारखाना?”

“जोह्यातला.”

“जोह्यातला, पण कोणाचा?”

“सगळे सारखेच असतात, ताई.”

नूतनला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तो राग तिने पोरीवर काढला. “आणि तुझे बाबा मिठागरात कामाला म्हणून धनेशने ग्रुपवर लिहिलंय ते? ‘मिठागरातल्यांना कसला आलाय देव, खाडीत पाठवा परत’ – त्याचा अर्ज दे. साहेब घ्यायला तयार हायत.” साहेब तयार होतेच. दोन्हीकडून अर्ज आले की दोन्ही बाजू नरम पडतात, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. माणूस वाईट नव्हता, त्याला आठवडा शांत जायला हवा होता एवढंच.

मनस्वीने मान हलवली. “ते वाचून रडले मी, खोटं नाय सांगत. बाबांना तर दाखवलंच नाय. पण आज बोलला म्हणून त्याला हितं ओढला, तर उद्या मला बी कोणी बी ओढील. आज ओढलीच हाय ना? बोलू दे त्याला. मी बी बोलेन.”

तक्रार नको म्हणणाऱ्या बायका नूतनने पुष्कळ पाहिल्या होत्या, निम्म्या तर भीतीनेच नको म्हणतात. ही त्यातली की खरोखरच… ओळखता येईना. वीस वर्षांची असताना मी कुणाला असं बोलले असते का? हेवाच वाटला तिला, स्पष्ट सांगायचं तर.

साहेब आतून म्हणाले, “नूतनबाई, तुम्ही जोह्याच्या ना? जबाबाखाली तुमचा अभिप्राय टाका, तिकडे काय समजतात ते. गुन्हा दाखल करायचा की नाही, त्यावर ठरवू.”

म्हणजे सगळं माझ्यावर. माल म्हणून लिहिलं तर उद्या ती वीस पोरं जोह्यात, केरूच्या दारात, आणि केरू असा की कुणी मोठ्याने बोललं तरी त्याच्या हातातला कुंचला गळतो. नाही लिहिलं तर हिच्यावर गुन्हा – मग कसली नोकरी न् कसलं काय, चारित्र्य पडताळणीचा कागद याच टेबलावरून जातो… बोटं मात्र कीबोर्डवर चालूच होती. ‘मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की…’ सदर मूर्ती, सदर फलक, सदर महाविद्यालय. ‘कोणाच्याही भावना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता’ – हे वाक्य पोर बोललीच नव्हती, पण ते सगळ्यांच्याच जबाबात असतं. जे बोलली होती, देव नाही माल, ते कागदावर आलं नाही. तिच्याच भल्यासाठी, नूतनने स्वतःला बजावलं, तो एक शब्द वाचून लोक पेटतील. भल्यासाठीच.

“नीट वाच आणि सही कर.” नूतनने छापलेला कागद पुढे सरकवला.

“तुम्ही लिवलंय ना. बरोबरच असंल.” आणि ‘वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या ओळीखाली तिने गोल अक्षरात सही केली, सॅक खांद्याला लावली आणि दारात जाऊन वळली.

“ताई, केरूदादाला यातलं काय सांगू नका हां. घाबरतो तो उगाच. तुमचा वर्दीतला फोटो लावलाय त्याने तिथं, येईल त्याला दाखवतो.”

पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. म्हणजे पहिल्यापासून हिला ठाऊक होतं… आणि तरी म्हणाली, ‘सगळे सारखेच असतात, ताई.’

“झाला का जबाब?” आतून साहेब.

“होतोय, साहेब.”

झाला होता. सहीखाली चार बोटं जागा कोरी होती, तिच्या अभिप्रायाची. भीती अजून होतीच, पण ती केरूच्या दारातून उठून इथं, या खुर्चीत येऊन बसली होती. चौदा वर्षं नोकरी, शेकड्यांनी जबाब. किती जणांनी असंच, बरोबरच असंल म्हणून… आणि त्यांची कुठली वाक्यं मी त्यांच्याच भल्यासाठी… आठवेना, एकही आठवेना. नूतनने पेन उघडून त्या कोऱ्या जागेवर टेकवलं. सुरुवात कशी करायची, हे तिला पहिल्यांदाच सुचत नव्हतं.