समोर किती घेतात

"पिल्लू आहे हो, तीन महिन्यांचं," पावतीबाई फोनमध्ये म्हणाली. "पहिली लस झालीय. पुढच्या लशीचे तुमच्याकडे किती घेतात?"

आवाज तिचा नव्हता. हौसेनं कुत्रं घरी आणून पस्तावलेल्या एखाद्या बाईचा असावा तसा तो होता, थोडा लाडिक, थोडा घाबरट. औषधांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. फोन स्पीकरवर टाकून सलाइनच्या खोक्यावर ठेवला होता आणि पलीकडच्या स्टुलावर डॉक्टर पेन सरसावून बसले होते.

"वजन किती आहे?" पलीकडून एका पुरुषानं विचारलं.

"अगं बाई, वजन नाही केलं. पण उचलून जिना चढले की धाप लागते बघा."

पलीकडचा हसला. लशीचे सातशे, म्हणाला. तपासणीचे वेगळे तीनशे. जंताचं औषध बाहेरून आणायचं. डॉक्टरांनी बोटानं हवेत सुई टोचल्याची खूण केली. "आणि ती रेबीजची?" तिनं विचारून घेतलं. आभार मानले, पिल्लाच्या वतीनंही मानले, आणि फोन ठेवल्याबरोबर तिचा चेहरा उतरवून ठेवलेल्या टोपीसारखा सपाट झाला.

"सातशे म्हणजे हजार," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "प्रत्येक लशीला पुन्हा तपासणी लावतात."

"मी सातशेच लिहितो. लोक तेवढंच ऐकतात."

"लोक काय ऐकतात ते नंतर बघा. खरं काय ते आधी लिहा."

"ताई, तुम्ही फक्त विचारा. लिहायचं मी बघतो."

दर महिन्याच्या सुरुवातीला हे चालायचं. आसपासच्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात गिऱ्हाईक बनून फोन करायचा आणि लशीचे, तपासणीचे, नखं कापायचे दर काढून घ्यायचे. डॉक्टरांचा आवाज त्यांच्या धंद्यातले सगळे ओळखत, म्हणून हे काम काउंटरवर पावत्या फाडणाऱ्या बाईकडे आलं होतं. एकदा तिनं आणलेला दर डॉक्टरांना पटला नव्हता, तेव्हापासून स्पीकर आला. तो अपमान तिनं गिळला होता, पण पचवला नव्हता.

पिल्लू मात्र सर्वस्वी तिचं. तपकिरी, एक कान पडलेला, लिफ्टला घाबरणारं, चपला कुरतडणारं. नऊ वर्षं ती त्याच्यासाठी भाव काढत होती. तिनं स्वतः कधी काही पाळलं नव्हतं. कुत्र्यांवर तिचं प्रेमही नव्हतं. डॉक्टर टोचायचे तेव्हा जनावर धरायचं काम तिच्याकडेच असे आणि दोन्ही मनगटांवर त्या प्रेमाच्या अभावाची परतफेड ओरखड्यांनी झालेली होती.

बाहेर घंटी वाजली. काउंटरवर एक बाई टोपलीतलं मांजर आणि हातातला मोबाइल, दोन्ही पुढे करून उभी होती.

"समोरच्या दवाखान्यात वर्षाचं पॅकेज आहे," ती म्हणाली. "सगळ्या लशी, तपासणी, नखं, सगळं आलं त्यात. तुम्ही एका लशीलाच एवढे घेता?"

"पॅकेजात भेटी किती आहेत?"

"सहा."

"तुमचं मांजर मोठं आहे. धडधाकट आहे. वर्षातनं दोनदा आणलंत तरी पुष्कळ. उरलेल्या चार भेटींचं काय करणार? पाहुणचाराला आणणार?"

"म्हणजे मला अक्कल नाही म्हणता?"

"अक्कल आहे हो. हिशेब केला नाहीत एवढंच."

टोपलीतल्या मांजरानं अंग फुगवलं. बाईनंही. "दवाखाना आहे की बाजार हा? मी साधं विचारलं, तर हा तोंडाचा पट्टा!"

"तुम्ही विचारलं नाहीत. समोरचे किती घेतात ते ऐकवलंत. त्यांचं एवढं आवडलंय तर रस्ता दोन पावलांवर आहे. गाडी बघून ओलांडा."

बाई गेली. जाताना दार असं आपटलं की भिंतीवरचं कुत्र्याच्या दातांचं चित्र कलंडलं. पावतीबाईच्या बोलण्यात चूक काही नव्हती, पण ओलावाही नव्हता. मागे डॉक्टर येऊन उभे राहिले होते.

"आणखी एक घालवलंत."

"ती जाणारच होती. मी नुसतं दार दाखवलं."

"असंच चालू राहिलं तर दाखवायला दारच उरेल. चला, समोरच्यांचा फोन राहिलाय."

समोरचा दवाखाना त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटी ठेवला होता. काचेचं दार, निळी पाटी आणि काउंटरवर एक चष्मेवाली मुलगी. पावतीबाईला रस्त्यापलीकडून तिचं डोकं दिसायचं. बोलणं आजवर फक्त खोट्या आवाजातच झालेलं.

"नमस्कार, बोला," मुलगी म्हणाली.

"पिल्लू आहे हो, तीन महिन्यांचं..."

"काकू, अजून तीनच महिन्यांचं?"

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"मी इथं लागले तेव्हा ते तीन महिन्यांचं होतं," मुलगी सांगू लागली. तिला मजा येत होती. "त्याला वर्ष झालं. मग उन्हाळ्यातही तीनच महिन्यांचं. तपकिरी, एक कान पडलेला, लिफ्टला घाबरतं. वाढत कसं नाही ते? घेऊन या एकदा. तपासणी फुकट करायला लावते आमच्या डॉक्टरांना. आणि दर वेळी हा फोन आला की समोरचं तुमचं काउंटर रिकामं दिसतं मला."

पावतीबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती दर वेळी आवाज बदलत असे, नंबर बदलत असे, पण कुत्र्याचं वय वाढतं ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. घरात एखादं कुत्रं म्हातारं होताना पाहिलं असतं, तर आली असती.

"आणि तुमच्या डॉक्टरांना निरोप द्या," मुलीचा आवाज आता धारदार झाला. "तुमच्याकडे कामाला यायला मला नाही जमणार. आत्ताच्या बाईंना देतात त्याच्या निम्मे म्हणे, वर दिवसभर बसायचं, नखं कापायची, कुत्री धरायची. मी आहे तिथंच बरी."

डॉक्टरांचा हात फोनकडे झेपावला. पावतीबाईनं फोन उचलून छातीशी घेतला.

"पुन्हा सांग गं," ती तिच्या खऱ्या आवाजात म्हणाली.

मुलगी अडखळत म्हणाली, "तुम्हाला... त्यांनी सांगितलं नाही?"

"तू सांगतेस ना."

"रविवारी फोन होता त्यांचा. आधी अजून दोघींना विचारलं होतं म्हणाले. काकू, मला वाटलं तुम्हीच सोडताय..."

"मी तुझी काकू नाही," पावतीबाई म्हणाली आणि फोन बंद केला.

डॉक्टर उठले नाहीत. उठले असते तर दाराकडे जायला त्यांना तिच्याच अंगावरून जावं लागलं असतं.

"मी फक्त विचारलं," ते म्हणाले. "विचारण्यात काय आहे? आपण दर महिन्याला हेच करतो."

"आपण लशीचे विचारतो."

"खर्च तो खर्च. समोरच्यांनी दर पाडले. मी कुठून पाडू? लस मला ज्या भावात मिळते त्याच भावात त्यांना मिळते. घरमालक भाडं सोडणार नाही. राहिलं काय?"

"मी राहिले."

"ताई, तुम्ही असं वाकड्यात शिरू नका."

"सरळच विचारते. सगळ्यात स्वस्त कोण निघाली? आणि तो दर कुत्री धरण्याचं धरून की वगळून?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "सकाळचे चार तास या. निम्मा पगार. तुमच्या वयाला दिवसभर उभं राहणंही..."

"वयाचं राहू द्या. उगाच वजनही विचाराल."

"मग संध्याकाळपर्यंत सांगा. चार तास, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही."

निम्मा पगार म्हणजे काय, हे तिला बोटांवर न मोजता कळत होतं. ती भावाच्या घरी राहायची, पण फुकट नाही. जिन्याजवळच्या खोलीचे पैसे ती दर महिन्याला वहिनीच्या हातावर ठेवायची, आणि त्या पैशांच्या जोरावर खोलीला आतून कडी लावायची. वहिनीची नजर त्या खोलीवर कधीची होती. मुलाला अभ्यासाला हवी, म्हणायची. पैसे निम्मे झाले की कडी जाणार. मग बैठकीतल्या दिवाणावर झोपायचं, शेवटचा पाहुणा उठेपर्यंत जागायचं आणि भाऊ जेवायला हाक मारील तेव्हा "मला भूक नाही रे" म्हणायचं. अशी एक आत्या तिनं लहानपणी घरात पाहिली होती. सगळे तिच्याशी फार गोड बोलत.

बाहेर भुंकणं सुरू झालं. गोदामाचा पहारेकरी त्याचा कुत्रा घेऊन आला होता. मोठं धूड, तोंडाला जाळी, डोळे लाल. वर्षाच्या लशीला आलेला. पहारेकऱ्यानं दाव्याचं टोक पावतीबाईच्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "मला सुई बघवत नाही," म्हणाला.

तिनं आणि डॉक्टरांनी कुत्र्याला टेबलावर घेतलं. तिनं एक हात मानेखालून घातला, दुसरा पोटाखालून, आणि त्याचं डोकं खांद्याशी दाबून धरलं. कुत्र्याची धडधड तिच्या बरगड्यांना लागत होती. डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरली, सुई जवळ नेली, थांबले.

"हलवू नका त्याला."

"मी हलवत नाहीये. हात तुमचा हलतोय."

पहारेकऱ्यानं डोळे उघडून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पुन्हा मिटले. सुई गेली. कुत्रा गुरगुरला, जाळी तिच्या हनुवटीवर घासली गेली. एरवी ती अशा वेळी "झालं, झालं रे" म्हणायची. आज तिनं काहीच म्हटलं नाही. धरलं तसं सोडलं, पहारेकऱ्याकडून पैसे घेतले, पावती फाडली, आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

मग ती अंगातला निळा झगा काढून, घडी करून काउंटरवर ठेवून, फिरून बाहेरच्या बाजूला आली.

"माझा चालू महिन्याचा हिशेब करा," ती म्हणाली.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "हे काय आता? संध्याकाळी बोलू म्हटलं ना."

"माझं बोलून झालं. निम्म्यात मी येणार नाही. हिशेब करा, मी बसते."

"ताई, पुढच्या पगाराची सोय लागल्याशिवाय कुणी असं करतं का? कोण ठेवणार तुम्हाला?"

"ते मी विचारीन की. फोन करायची सवय आहे मला."

ती भिंतीजवळच्या बाकावर बसली. इतक्या वर्षांत तिनं हा बाक पुसला होता, त्यावरचे केस काढले होते, कुणाचं जनावर ओकलं तर धुतला होता. बसली आज पहिल्यांदा. बाक फार ठेंगणा होता. इथून काउंटरमागच्या माणसाचं फक्त कपाळ दिसत होतं, आणि ते कपाळ खाली बघून काहीतरी लिहीत आहे एवढंच कळत होतं. इथं बसून बोलायचं तर मान वर करून, आवाज चढवूनच बोलावं लागलं असतं. माणसं इतकी का ओरडतात, याचं तिला थोडं नवल वाटायचं.

डॉक्टरांचं कपाळ इकडून तिकडे हललं. खण उघडले, बंद झाले. काउंटरवरचा फोन वाजला, वाजत राहिला, थांबला.

दार ढकलून एक माणूस आत आला. हातात बुटांचं खोकं, त्याला भोकं पाडलेली, आतून मांजराच्या पिल्लाचं बारीक रडणं.

"याला लस द्यायचीय," तो काउंटरला म्हणाला. "किती होतात?"

कपाळ वर आलं, डोळे दिसले. डॉक्टरांनी माणसाकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून बाकाकडे.

"ताई, मांजराच्या पिल्लाच्या पहिल्या लशीचे, तपासणी धरून..."

"समोर विचारा," पावतीबाई म्हणाली. "त्यांना आपले दर पाठ असतात."

डॉक्टर पुन्हा काउंटरखाली वाकले. कागद चाळल्याचा आवाज येऊ लागला. माणूस घोटाळला. तो खोकं सांभाळत बाकाजवळ आला आणि आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं, अशा दबक्या आवाजात त्यानं विचारलं, "तुम्हाला किती सांगितले हो?"

तिनं शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्याच्यासाठी जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल त्यांना."