भिंतीला टेकवलेली म्हातारी

हॉटेलची रंगरंगोटी निघाली तेव्हा अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला, जुनी चित्रं खलास, हवी त्याने न्यावीत. तिथे मेंटेनन्सला असलेला प्रशांत दोन तैलचित्रं आखातातल्या दार्सैतच्या घरी घेऊन आला. एकात हिरवं कुरण, गाई आणि पावा वाजवणारा गुराखी. ते त्याच्या बायकोने, पूर्वाने, लगेच हॉलमध्ये लावलं. दुसऱ्यात काळा झगा आणि पांढरी टोपी घातलेली कुणी गोरी म्हातारी. ती वसईच्या क्लिफर्डला हवी होती. प्रशांतचा हा सहकारी शुक्रवारी येऊन तिला नेणार होता. तोवर ती भिंतीला टेकून बसली.

"बघते कशी, जसं काही मी हिचं दूध उतू घालवलंय!" पूर्वा म्हणाली.

प्रशांतच्या आईच्या, मीराबाईंच्या, मात्र ती मनात भरली. मीराबाई रांगत होत्या तेव्हाच त्यांची आई गेली. फोटो नाही, तिथी कुणाला ठाऊक नाही, पान वाढायला भाऊही नाही. मुलीने माहेरच्या पितरांचं काही करायचं नसतं, असं शहाण्यांनी बजावलेलं. बिचाऱ्या मीराबाईंचा उभा जन्म गप्प बसण्यात गेला. आत्या एवढंच सांगायची, की तुझी आई रुंद कपाळाची, आणि बसली की हात मांडीवर जुळवून बसायची. चित्रातली म्हातारी अगदी तशीच बसली होती. मीराबाई काही खुळ्या नव्हत्या, ही आपली आई नव्हे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शुक्रवारी सर्वपित्री अमावास्या होती, तिथी हरवलेल्या सगळ्यांचा दिवस. निदान एकदा तरी आईला जेवू घालायचं, आणि तेही कुणाच्या तरी तोंडाकडे बघून, एवढंच त्यांना हवं होतं.

शुक्रवारी प्रशांत अंघोळीला गेला तसं त्यांनी म्हातारीपुढे पान मांडलं. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. तेवढ्यात बेल वाजली आणि पूर्वाने क्लिफर्डला आत घेतलं. ओल्या डोक्याने बाहेर आलेला प्रशांत शरमेने लाल झाला.

"आई! अगं ही कोण, कुठली, हिला कसलं पान वाढतेस?"

क्लिफर्डने बूट काढून दाराबाहेर ठेवले. "आंटी, कोण आहे ही?"

"देव जाणे. माझी आई तरी मला कुठे ठाऊक आहे? म्हटलं, दोघींना एका पानावर बसवू."

क्लिफर्ड खाली बसला. "जेवू दे तिला सावकाश, मी थांबतो. आमच्यात पण नोव्हेंबरला चर्चमध्ये मेलेल्यांसाठी मिसा असते आंटी. फादरकडे नावं देतो आम्ही. तुमच्या आईचं पण देतो ना. नाव काय?"

नातवंडं झाली, तरी हे मीराबाईंना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पोटच्या पोरानेसुद्धा नाही.

"सासरचं की माहेरचं?"

"दोन्ही देऊ."

"सासरचं जानकी." त्यांनी पदराने डोळे पुसले. "माहेरचं मथुरा."

प्रशांत ओल्या डोक्यानेच पानाशी बसला आणि आणखी एक वडा वाढत म्हणाला, "जेव गं, मथुराआजी."