पहिला तांब्या कासवाचा

“विहीर नासू दिली तुमी, नि आभार आमी मानायचे?”

गोदूबाईने हातातला कागद ओट्यावर टाकला आणि टँकरच्या पाण्याचा पहिला तांब्या घमेल्यात ओतला. घमेल्यातल्या कासवाने मान बाहेर काढली.

पाणीपुरवठा ऑफिसचा धर्मेश बोईसरहून स्कूटरवर आला होता. कागदावर छापलं होतं: पाणी मिळते, गाव समाधानी आहे, आभार. खाली बारीक अक्षरात होतं: कारखान्यातून ओढ्यात सुटणाऱ्या पाण्याची तक्रार मागे घेत आहोत. सून सलोनीने ती ओळ मोठ्याने वाचली तेव्हा धर्मेश मोबाइल बघत होता.

“मी फक्त सह्या गोळा करतो, मावशी.”

“ते दिसतंय.”

चाळीस वर्षं गोदूबाई पहिला पोहरा सोडण्याआधी कठड्याला हात लावून म्हणायची, “घेते गं बाय.” बाया हसायच्या. ती चुलीलाही तसंच म्हणायची, सातपाटीच्या नणंदेने धाडलेले बोंबील वाळवणाऱ्या उन्हालाही. त्यात देवधर्म नव्हता. म्हटलं की तिला बरं वाटायचं, दिवस हलका जायचा, एवढंच.

दिवाळीनंतर विहिरीतलं कासव पायरीवर येऊन बसलं. ढकललं तरी पाण्यात उतरेना. ऑफिसचा अहवाल म्हणाला, पाणी पिण्याजोगं आहे. गोदूबाईने कासवाचं ऐकलं, त्याला घमेल्यात घरी आणलं आणि त्याच दिवशी पोहरा काढून घेतला. वाडी तिला वेडी म्हणाली. महिन्याने पाण्यावर पिवळा तवंग आला. मग टँकर सुरू झाला.

“सही नसेल तर टँकरचं अवघड होईल,” धर्मेश हळूच म्हणाला.

सलोनीने कडेवरचं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं.

गोदूबाईने घमेलं सावलीत सरकवलं.

“आभारांना मी कवा नाय म्हटलं? रोजच मानते. सलोनी, कागद पालथा कर. लिही.”

पोर ओट्यावर ठेवून सलोनीने पेन घेतलं.

“पैलं कासवाचं. त्याच्यामुळं नातवाच्या पोटात ते पाणी गेलं नाय. मग टँकरवाल्या रामूचं. म्हाताऱ्यांचे हंडे सोता उचलतो. शेजारच्या हंसाचं. मला ताप होता तवा तिनं माझं पाणी भरलं, नि वर शिव्या दिल्या, त्या पण लिही. चिंचेचं. तिच्या सावलीत रांग लागते.”

धर्मेशला हसू आलं. गोदूबाईही हसली, चेहरा निवळत गेला. मध्येच सलोनीने न सांगता सासूच्या आभाराची एक ओळ लिहिली आणि धर्मेशने ती वाचून दाखवू नये म्हणून तळव्याने झाकली.

“झालं, आई?”

“एक ओळ रिकामी ठेव.”

गोदूबाईने धर्मेशच्या डबीतली शाई अंगठ्याला लावली. अंगठा कागदावर न टेकवता तसाच वर धरला.

“तुझ्या ऑफिसाचं रायलं, पोरा. कोणाचं केलेलं मी इसरत नाय. टँकर तर विहीर नासली म्हणून आला. त्याच्याआधी तुमी काय केलंत, ते सांग. ती लिहील, मी अंगठा देते.”

धर्मेशने घड्याळ बघितलं.

“सांग ना. काय केलंत?”