तेलाचा हात

काळूराम पाटलाच्या घरात लोखंडाची कुठलीही वस्तू तेलाचा हात फिरवल्याशिवाय आत यायची नाही. हा कायदा त्याच्या बायकोचा, ठमाबाईचा. रेवसच्या खाडीवरून येणारा खारा वारा कुणाची भीडभाड ठेवत नाही. नवी कोरी विळी आणा, दोन पावसाळ्यांत ती विटेच्या रंगाची होते. म्हणून ठमाबाई शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याची चिंधी दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवायची. कडी-कोयंडा, पंख्याची पाती, सायकल, पाण्याचा पंप, सगळ्यांवरून तिचा हात फिरायचा. नवऱ्याच्या ट्रकच्या दारांवरूनही फिरायचा, आणि वर "तुझं गुडघंपन कुरकुरतान, ये इकडं," असं म्हणायला ती कमी करायची नाही.

ठमाबाईला जाऊन वर्ष उलटलं होतं. बाटली कोनाड्यात होती तिथंच होती. आता तेलाचा हात काळूराम फिरवायचा, कारण त्याला दुसरं काम नव्हतं. मिठागरं बापाच्या काळातच बुडाली होती, ट्रक त्याने गुडघ्यांपायी विकून टाकला होता, आणि एका माणसाच्या स्वयंपाकाला वेळ तो किती लागणार. कधीकधी तो एकाच कडीला आठवड्यात दुसऱ्यांदा तेल द्यायचा.

मुलगा एकच, हितेश. तो भांडुपला राहायचा. त्याची नोकरी कॉम्प्युटरवर बिल्डिंगांची चित्रं काढायची. अजून पाया खणलेला नसायचा, पण हितेशच्या चित्रात त्या बिल्डिंगच्या गॅलरीत बाई चहा पीत बसलेली असायची. बायको अमिषा, मुलगी दिशा, असा त्याचा नेटका संसार. रेवसला लाँच धरली की मुंबई काही सातासमुद्रापार नाही. तरी हितेश यायचा नाही. आईच्या वर्षश्राद्धाला आला तोही सकाळी, आणि पत्रावळी उचलून होतात न होतात तोच पायात बूट घालायला बसला.

"राहा की दोन दिस," काळूराम म्हणाला. "पोरीला दर्यावर नेतंय."

हितेशने मान वर केली नाही. नाडी बांधता बांधता म्हणाला, "राहिलो असतो रे बाबा. पण माझं काम मोठ्या कॉम्प्युटरवर चालतं. इथं तसा कॉम्प्युटर असता, तर महिनाभरपण राहिलो असतो."

दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण गावात सगळ्यांना पाठ आहे. पण काळूरामने जन्मभर ट्रक चालवलेला. कुणी म्हणालं ब्रेक लागत नाही, की खाली वाकून ब्रेक बघायचा, बोलणाऱ्याचं तोंड बघत बसायचं नाही, एवढंच त्याला माहीत. अंगण वाकडं आहे ना, मग अंगण सरळ करू, असं त्याने लाँच सुटताना धक्क्यावरच ठरवून टाकलं.

तयार कॉम्प्युटर घ्यायचा विचार त्याच्या मनात आला नाही. ट्रकसुद्धा त्याने कधी तयार घेतला नव्हता. चेसीस, म्हणजे नुसता सांगाडा, आणायची आणि बॉडी डोळ्यांसमोर बांधून घ्यायची, ही त्याची रीत. शिवाय कॉलेजात असताना हितेशने याच घरात, याच टेबलावर आपला पहिला कॉम्प्युटर सुटे भाग आणून जोडला होता. "तयार घेतात ते येडे," असं तो तेव्हा म्हणायचा. ठमाबाई स्क्रूंची वाटी हातात धरून त्याच्या शेजारी सबंध दुपार बसली होती, आणि त्यातलं काडीचं कळत नसताना दर स्क्रूला मान डोलवत होती. लग्नानंतर हितेश तो कॉम्प्युटर भांडुपला घेऊन गेला. टेबल मात्र रिकामं राहिलं.

अलिबागच्या दुकानात साहिल नावाचा मालक होता. पांढऱ्या टोपीतला म्हातारा ग्राफिक कार्ड मागतोय म्हटल्यावर त्याने काऊंटरवर कोपर टेकले.

"काका, गेम खेळायचा का?"

"बिल्डिंगा बांधायच्या हायत," काळूराम म्हणाला.

साहिलने मग चेष्टा केली नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पडदा, सगळं एकमेकांना जुळेल असं बघून दिलं, डिस्कमध्ये विंडोजही भरून दिलं. खोकी मांडीवर घेऊन काळूराम एसटीने परत आला. वाटेत शेजारच्या सगुणाने विचारलं, "दादा, टीव्ही घेतलास?" आणि काळूरामच्या तोंडून निघून गेलं, "हितेशचं ऑफिस हाय. तो आता इथंच येऊन काम करनार."

गावात बातमीला एसटी लागत नाही. संध्याकाळपर्यंत जो तो विचारू लागला, हितेश कवा येतंय. काळूराम सगळ्यांना सांगायचा, मशीन जोडून झाली की येतंय. म्हणजे आता मशीन जोडणं भागच होतं.

त्याने फोनवर एक हिंदी व्हिडिओ लावला आणि फोन ठमाबाईच्या शिलाई मशीनला टेकवून ठेवला. व्हिडिओतला माणूस फार घाईचा. काळूराम त्याला घडीघडी थांबवायचा आणि म्हणायचा, "जरा दम घे रे बाबा, कुठं लाँच सुटते तुझी." घरात कुणाशी तरी बोलतोय हे त्याला बरं वाटायचं. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण त्रिकोणाला जुळला आणि तो तुकडा आपसूक आत बसला, तेव्हा त्याने मान वर करून शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. स्क्रूंची वाटी टेबलाच्या कडेवर होती, ती कोपर लागून खाली पडली आणि तो बराच वेळ जमिनीवर रांगत स्क्रू शोधत राहिला. एरवी ती वाटी पडली नसती. या विचाराने त्याला तिथंच, पलंगाखाली डोकं असताना, रडू आलं.

शेवटी रॅम राहिली. पट्टीसारखी वस्तू, एका कडेला सोनेरी दात. एवढी चमकदार चीज या वाऱ्यात किती दिवस टिकणार? काळूराम उठला, कोनाड्यातली बाटली काढली, आणि त्या सोनेरी दातांवरून तेलाचा हात फिरवला. नीट, चिंधी दाबून, ठमाबाई फिरवायची तसा. ग्राफिक कार्डाच्या दातांनाही फिरवला. मग सगळं बसवून त्याने हळद-कुंकू वाहिलं, नारळ बाहेर अंगणात फोडला आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. आत निळा दिवा लागला. पडदा मात्र काळा तो काळाच.

त्याने सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला, तरी पडदा काळा. मग हितेशला फोन लावण्यावाचून इलाज उरला नाही. हितेशचे फोन रविवारी यायचे आणि साचा ठरलेला असायचा. जेवलास का, गोळी घेतलीस का, दिशा आजोबांना हाय कर, ठेवतो. आज काळूराम म्हणाला, "कॉम्प्युटर जोडलाय. दिसत काय न्हाय."

"काय जोडलाय?"

"कॉम्प्युटर. तुझ्यासाठी."

हितेश एकदम प्रश्न विचारू लागला. बोर्ड कुठला, वायर कुठं लावली, आवाज कसला येतो. काळूराम उत्तरं देत गेला. रॅमपाशी आल्यावर त्याने साधेपणाने सांगितलं की तिला तेल दिलंय. पलीकडे हितेश हसू लागला. आई गेल्यापासून बापाने त्याचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

"अरे बाबा, ती कडी आहे का? त्या दातांतून करंट जातो. चिंधीचे धागे अडकले असतील तिथं. पोरांचं खोडरबर आण आणि घास. खाच ब्रशने साफ कर."

काळूरामने रबर आणलं. हितेश फोनवर थांबला. घासता घासता बोलणं कुठल्या कुठं गेलं, पहिल्या कॉम्प्युटरवर, दिशाच्या शाळेवर, भांडुपच्या पाण्यावर, ट्रक कशेडी घाटात अडकला होता त्या दिवसावर. चहा दोनदा निवला. मग पडदा उजळला आणि त्यावर निळे डोंगर दिसले.

"झाला," काळूराम म्हणाला. "आता ये."

"बघतो बाबा," हितेश म्हणाला. "या महिन्यात जरा अवघड आहे." आवाज पुन्हा रविवारचा झाला होता.

त्यानंतर फोन पुन्हा साच्यातले. काळूराम रोज संध्याकाळी टेबलावरची चादर काढायचा, मशीन चालू करायचा आणि डोंगर बघत बसायचा. त्याला त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. गावात विचारणारे विचारतच होते, आणि आता मशीन जोडून झालेली नाही असंही म्हणता येत नव्हतं.

माणूस एकटा पडला की त्याला नको ते सुचतं. काळूरामने हितेशला कळवलं की पंखा घरघर करतोय. पंखा कुरकुरही करत नव्हता. पण हितेशचा लगेच फोन आला आणि चांगला रंगला. पुढच्या वेळी माऊस अडकला. त्याच्या पुढच्या वेळी इंटरनेट गेलं. मग काळूरामच्या माहितीतले बिघाड संपले. तेव्हा एका रविवारी, दिशाचं हाय होऊन 'ठेवतो' यायच्या आत, तो घाईने म्हणाला, "पडदा परत काळा झालाय."

"व्हिडिओ कॉल कर. असं तोंडी नाही कळणार, दाखव मला."

काळूरामसमोर डोंगर लख्ख दिसत होते. "थांब," तो म्हणाला, "दाराशी कोन तरी आलंय. लावतो मी."

त्याने फोन ठेवला, मशीन बंद केली आणि कोनाड्यातली बाटली आणली. रॅम बाहेर काढताना त्याला फार लाज वाटली. एवढ्या वयात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराशी चोरी. पण त्या रंगलेल्या बोलण्याची त्याला भूक लागली होती, आणि भुकेपुढे लाज टिकत नाही. त्याने दातांवरून तेलाचा हात फिरवला, रॅम हातात धरली आणि व्हिडिओ कॉल लावला.

हितेशचं तोंड फोनभर आलं. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. त्याच्यामागे लोणच्याची बरणी, दिशाचे खडू, आणि त्यांच्यामध्ये वहीएवढं जाड काहीतरी उघडं होतं. त्यावर अर्धी काढलेली बिल्डिंग होती.

"हितेश, ते काय रे? बरनीजवलचं."

"लॅपटॉप. कंपनीचा."

"बिल्डिंगा त्याच्यावर काढतस?"

"हो, आता सगळं याच्यावरच..." हितेश म्हणाला, आणि थांबला.

काळूरामच्या हातातली रॅम फोनसमोरच होती. उजेडात तिचे दात ओलसर चकाकत होते.

"बाबा, परत तेल लावलंस?"

"व्हय."

"चुकून?"

"न्हाय."

चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. या दोघांना मात्र एकमेकांची वाट आत्ताच कळली होती. मागून दिशाने काहीतरी विचारलं, अमिषाने तिला आत बोलावलं.

"पिशवीत मावतं का ते?" काळूरामने विचारलं.

"मावतो."

"मंग कं येत न्हाईस?"

हितेशने तोंड फिरवलं. "आई नाही तिथं," तो बरणीकडे बघत म्हणाला. "दारातून आत आलो की कोनाड्यातली बाटली दिसते. मला नाही बसवत त्या घरात, बाबा."

काळूरामने टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. रागवावं असं त्याच्या मनात होतं, पण राग आला नाही.

"मना तरी कुठं बसवतंय," तो म्हणाला. "पन मी कुठं जाऊ?"

हितेशने मनगटाने डोळे पुसले. पण 'ठेवतो' म्हणाला नाही, आणि फोनही कापला नाही.

"रबर आहे ना जवळ?" त्याने मग विचारलं.

"हाय."

"घास मग. मी आहे."

काळूरामने फोन शिलाई मशीनला टेकवला, खुर्ची पुढे ओढली आणि रॅम घासायला घेतली. अगदी सावकाश घासत होता तो, आणि हितेशही त्याला घाई करत नव्हता.