डावीकडं ओढणारी गाडी

पिकअप उंच करायचं कारण मी वडिलांना, म्हणजे आबांना, असं सांगितलं, की बांधावरून जाताना गाडीचं पोट घासतं. खरं कारण रीलचं होतं. उंच गाडीच्या रीलला लाखानं बघणारे मिळतात म्हणे. मला एकशे चौदा मिळाले. त्यात चाळीस वेळा मीच होतो.

केडगावच्या कल्याण मिस्त्रीनं पुढं स्पेसर टाकले, मागं स्प्रिंगचे पाटे वाढवले आणि गाडी चार इंच वर उचलली. वर बजावलं, की उंची बदलली म्हणजे चाकांचा कोन बिघडतो. घरी जायच्या आधी व्हील अलाइनमेंट करून घे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल. अलाइनमेंटचं दुकान समोरच होतं. तिथं तीन गाड्या थांबल्या होत्या, आणि उन्हाचा रंग रीलला फार चांगला होता. मी रील काढली आणि मिरजगावला घरी आलो. अलाइनमेंट केलं का, असं आबांनी विचारलं. मी केलं म्हणालो. एका शब्दाचं काम होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आबांच्या हातात, आणि गाडी डावीकडं. बाजाराला निघालेले आबा एकदा थेट मावशीच्या अंगणात शिरले. मुद्दाम आलेत असं समजून मावशीनं चहा टाकला. त्या महिन्यात रस्त्याच्या डाव्या अंगाच्या सगळ्या पाहुण्यांशी आमचे संबंध सुधारले. आई उंच गाडीत चढायला पाट घेऊन फिरायची. एका लग्नात तर ती पाट मांडीवर घेऊन जेवली. डाव्या खिडकीशी बसून ती सांगायची, की रस्त्याकडंची पाण्याची चारी आपल्याला भेटायला येतीय.

आबांनी गाडीवर संशय घेतला नाही. अलाइनमेंट तर झालं होतं. मग संशय घ्यायला राहिलं कोण? ते स्वतः.

इथं आबांविषयी थोडं सांगायला हवं. ज्वारीच्या पेरणीत शेतातलं पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, सरळ पडलं, की बाकीची तासं त्याला धरून सरळ पडतात. आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर कुणाचाही असो, पहिल्या तासाला स्टिअरिंगवर राधाकृष्ण आबाच बसतात. दोरी लावल्यासारखं तास असतं त्यांचं. हाच माणूस आता एक डोळा झाकून बांधावरून चालून बघायला लागला. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेला. तुमची नजर माझ्यापेक्षा बरी आहे, असं डॉक्टर म्हणाले. आबांना पटेना. शेवटी डॉक्टरांनी शून्य नंबरचा चष्मा दिला. तो लावून आबा गाडी चालवायचे, गाडी डावीकडं जायची, आणि मी शेजारी बसून मोबाईल बघायचो. रोज वाटायचं, उद्या सांगू. उद्या कालच्यापेक्षा अवघड निघायचा.

पेरणीच्या आदल्या दिवशी शेजारचा राम पहिल्या तासाचं आवतण घेऊन आला. आम्ही दुपारचं जेवत होतो. आबांनी ताटाकडं बघतच सांगितलं, "औंदा दुसरं कुनी बघ, रामा. माझा हात डावीकडं जायला लागलाय."

राम ओसरीच्या कडेला टेकला. मग त्यानं टोपी काढली.

"आबा, बांधाचं मनात धरलंय व्हय? दोनच फूट तुमच्या रानात सरकवला हुता. सात वर्सं झाली. उद्या मागं घेतो, पर तास तुमीच धरा."

बांध सरकलाय हे आबांना माहीतच नव्हतं. आईनं भाकरी तशीच हातात धरली होती. ओसरीवर त्या वेळी दोन चोर बसले होते. एकानं कबुली दिली होती. दुसरा ठेचा मागत होता.

मी ठेचा घेतला नाही. अलाइनमेंट केलंच नव्हतं, असं सांगून टाकलं. रामच्या देखत.

आबांनी हात धुतला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"तू केलं म्हनलास, पार्था," ते म्हणाले. "मी माझ्या हातालाच खोटं ठरवलं."

लगोलग आम्ही केडगावला गेलो. गाडी आबांनीच चालवली, साठ किलोमीटर स्टिअरिंग उजवीकडं दाबून धरून. दुकानातल्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे लाल होते. ते हिरवे होईपर्यंत आबा पडद्यासमोरून हलले नाहीत. येताना मोकळ्या रस्त्यावर त्यांनी क्षणभर दोन्ही हात सोडले. गाडी सरळ गेली. त्यांनी चष्मा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

सकाळी रामच्या शेतावर वस्ती जमली होती. सगळ्यांना सगळं कळलं होतं. राम सरकवलेला बांध दाखवत होता आणि जाता जाता माझ्याकडंही बोट करत होता. सरळ तास धरायला समोरच्या बांधावर एक खूण लागते. कुणी काठी रोवतं, कुणी झाड धरतं. आबा ट्रॅक्टरवर चढले आणि मला म्हणाले, "जा, त्या टोकाला उभा ऱ्हा. हलू नको."

मी जाऊन उभा राहिलो. ट्रॅक्टर निघाला. खुणेवरून नजर काढली की तास वाकडं जातं, म्हणून आबा शेत संपेपर्यंत माझ्याकडंच बघत होते. खाली बघायची मला फार इच्छा झाली. पण खुणेनं हलायचं नसतं.

तास सरळ आलं. माझ्या दोन्ही पायांच्या बरोबर मधे.